दुधाचे नाते

प्राथमिक शाळेत प्राण्यांचे जे निरनिराळे वर्ग शिकविले जातात, त्यांपैकी पक्षी आणि मासे हे दोन वर्ग मुलांना मुद्दाम शिकवावेच लागत नाहीत, असे म्हटले तरी चालेल. पिसे दिसली की पक्षी आणि कल्ले दिसले की मासा. डोळ्याला जे दिसते तेच नावही सांगते. सस्तन प्राण्यांचे मात्र तसे नाही. उंदीर आणि हत्ती, वटवाघूळ आणि देवमासा, गोठ्यातील गाय आणि आपण स्वतः, ही सारी मंडळी एका पंक्तीला बसवावी असे यांच्यात आहे तरी काय, हे नुसत्या डोळ्यांना उमजत नाही. ते समजावून द्यावे लागते. शिवाय या पाठाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. माशांचा पाठ शिकणारे मूल माशांकडे बाहेरून पाहते; सस्तन प्राण्यांच्या पाठात मात्र शिकणारा स्वतःच त्या पाठाचा विषय असतो. म्हणूनच हा पाठ जितका अवघड, तितकाच तो मुलांच्या मनात खोल जाणारा आहे, असे मला वाटत आले आहे.

माझे यजमान रेल्वेच्या नोकरीत असल्यामुळे भुसावळ, खांडवा, बडोदे, नागपूर असा आमचा संसार हलत राहिला आणि त्याबरोबर माझ्या शाळाही बदलत गेल्या. कधी मराठी तर कधी हिंदी माध्यमाच्या तिसरी-चौथीच्या वर्गांना परिसर अभ्यास शिकविण्यात माझी एकतीस वर्षे गेली. वर्गात एका बाकावर खानदेशचे मूल, शेजारी बिहारचे, मागे तेलंगणाचे, असा सारा देशच बसलेला असे. त्या वर्गांतून या एका पाठाने मला जे दाखविले, ते आता निवृत्तीनंतर सांगावेसे वाटते.

पहिली अडचण शब्दाचीच. फळ्यावर ‘सस्तन’ हा शब्द लिहिला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. एका शाळेत तर मला असे सुचविण्यात आले की, हा शब्द लिहूच नये. ‘पिलांना दूध पाजणारे प्राणी’ एवढे सांगून पुढे जावे. सूचना देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, परंतु मला ती पटली नाही. मुलांचे हसणे शिक्षकाच्या संकोचाएवढेच टिकते, हा माझा अनुभव आहे. मी शब्दाची फोड करून दाखवीत असे. जीव असलेला तो सजीव, फळ मिळाले ते सफल, तसेच ज्यांच्या माद्यांना स्तन असतात ते सस्तन. गाईची कास आपण रोज पाहतो, तिला कोणी हसत नाही. आईच्या स्तनांचे कामही तेच आहे, बाळाला दूध देण्याचे. इतके सरळ सांगितले की मुले व्याकरणाच्या नादी लागत; ‘सपुत्र’, ‘सहर्ष’ असे शब्द शोधण्यासाठी हात वर येत आणि हसू आपोआप विरून जाई. आपल्या शरीराच्या अवयवांना स्वच्छ, शुद्ध नावे आहेत आणि ती मोठ्यांसमोर उच्चारता येतात, हे मुलांना कळणे किती आवश्यक आहे हे आजच्या पालकांना वेगळे सांगावयास नको. ज्या मुलाजवळ शब्दच नाही, ते संकटात सापडले तर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

या नावाची कथाही मोठी उद्बोधक आहे. कार्ल लिनीअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घातला. आरंभी या प्राण्यांना तो ‘चतुष्पाद’ म्हणत असे आणि माणसालाही त्याने त्याच वर्गात घातले होते. पण माणूस दोन पायांवर चालतो आणि देवमाशाला तर पायच नाहीत. मग चतुष्पाद म्हणावे कसे? अखेर १७५८ साली, आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत, त्याने दुधाच्या खुणेवरून या वर्गाला नवे नाव दिले आणि देवमाशांना माशांतून काढून या वर्गात आणले. लिनीअस वैद्यही होता. मातांनी आपली मुले दाईच्या हवाली न करता स्वतः अंगावर पाजावीत, असे प्रतिपादन करणारा निबंध त्याने १७५२ साली लिहिला होता. खुणा तर कितीतरी होत्या. अंगावरचे केस होते, कानातील तीन चिमुकली हाडे होती. परंतु त्याने निवडली ती दुधाची खूण. हिंदीत ‘स्तनधारी’, बंगालीत ‘स्तन्यपायी’, गुजरातीत आपल्यासारखेच ‘सस्तन’. आपल्या भाषांनीही ती खूण जपली आहे.

आता प्रत्यक्ष शिकविण्याविषयी. व्याख्या सांगून पाठ करून घेणे हा सोपा मार्ग, पण तो कोरडा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एन.सी.ई.आर.टी.ने चौथीसाठी जे परिसर अभ्यासाचे पुस्तक काढले, त्यात एक फार चांगली युक्ती होती. त्यातील एका पाठात मुलांना फक्त कान पाहावयास सांगितले होते. कोणत्या प्राण्यांचे कान बाहेरून दिसतात आणि कोणाचे दिसत नाहीत? मी मुलांना आठवडाभराची मुदत देऊन वहीत दोन याद्या करावयास सांगत असे. एका बाजूला गाय, कुत्रा, खार, उंदीर, शेळी, माकड. दुसऱ्या बाजूला कावळा, पाल, बेडूक, चिमणी, साप. मग विचारावयाचे, कोणत्या यादीतील प्राण्यांच्या अंगावर केस आहेत? कोण अंडी घालते आणि कोण पिलांना जन्म देते? मुले याद्यांकडे पाहत राहतात आणि एकाएकी कोणीतरी ओरडते, “बाई, ज्यांचे कान दिसतात त्यांनाच केस आहेत, आणि त्यांनाच पिले होतात!” नियम पुस्तकातून आलेला नसतो, त्यांचा स्वतःचा असतो. त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो कोणत्याही पाठांतराने येत नाही.

नियम सापडला की अपवादांची शोधाशोध सुरू होते आणि वर्गाला खरी रंगत तेथेच चढते. नावे तर पावलोपावली फसवितात. देवमाशाच्या नावात मासा आहे, पण तो मासा नव्हे. त्याला पाण्याबाहेर डोके काढून हवेत श्वास घ्यावा लागतो, आणि त्याची मादी पिलाला दूध पाजते. निळ्या देवमाशाचे दूध इतके सकस असते की त्याचे पिलू दिवसाला सुमारे ९० किलो वजनाने वाढते. खवलेमांजराच्या नावात मांजर आहे, पण त्याचा मांजराशी काही संबंध नाही. मुंग्या आणि वाळवी खाऊन राहणारा तो बिनदातांचा गरीब प्राणी आहे. त्याची खवले पाहून मुले त्याला सरड्या-सुसरींच्या यादीत घालतात. तेव्हा मी सांगे, “आपली नखे पाहा. ज्या द्रव्याची ती झाली आहेत, त्याचीच ती खवले.” या खवल्यांत औषधी गुण आहेत अशा समजुतीने त्याची चोरटी हत्या होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. ज्या वस्तूत आपल्या नखांहून वेगळे काही नाही तिच्यासाठी एक प्राणी नाहीसा होऊ पाहतो, हे नऊ वर्षांच्या मुलालाही लागलीच कळते.

एके वर्षी वर्गात भागलपूरकडचा एक मुलगा होता. अबोल, मराठी नुकतेच शिकू लागलेला. गंगेतील डॉल्फिनची गोष्ट निघाली तसा तो उभा राहिला आणि म्हणाला, “सूँस! मी पाहिलाय. दादांबरोबर नावेत.” मग त्या मुलाने तो कसा वर येतो, फुस्सकन श्वास सोडतो आणि कसा बुडी मारतो हे हातवारे करून सांगितले. त्या श्वासाच्या आवाजावरूनच त्याचे नाव पडले आहे असे म्हणतात. २००९ साली हाच प्राणी आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित झाला, हे मी वर्गाला सांगितले तेव्हा तो मुलगा असा काही ताठ बसला, की जणू ही घोषणा त्याच्याच घराण्याविषयी होती! पुढे सारे वर्ष त्याला मराठी बोलण्याचा संकोच राहिला नाही.

अंडी घालणारा सस्तन प्राणी आहे का, हा प्रश्न तर हमखास येतो. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसची हकीगत येथे सांगावी. बदकाची चोच आणि केसाळ अंग असलेले त्याचे कातडे इंग्लंडात पोहोचले तेव्हा, कोणी तरी चोच शिवून थट्टा केली असावी अशी शंका शास्त्रज्ञांना आली होती. १७९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण तो खरोखर अंडी घालतो हे निश्चित व्हावयास १८८४ साल उजाडले. त्याला स्तनाग्रे नसतात. मादीच्या पोटावरील त्वचेतून दूध पाझरते आणि पिले ते चाटतात. मोठमोठ्या विद्वानांनाही एका प्राण्याला कोठे बसवावे हे ठरविण्यास पंच्याऐंशी वर्षे लागली, हे ऐकून आपली यादी चुकली म्हणून खट्टू झालेल्या मुलांना मोठा धीर येतो.

आणखी एक प्रयोग मी नेहमी करीत असे, आणि त्याला एक पैचाही खर्च नाही. मुलांना मान खाली घालून मानेच्या मागे, खांद्यांच्या वर बोट फिरवावयास सांगावे. तेथे एक उंचवटा लागतो. बहुधा ते मानेच्या मणक्यांतील सातवे हाड असते. माणसाच्या मानेत असे सात मणके. मग विचारावे, जिराफाच्या मानेत किती असतील? कोणी पन्नास म्हणते, कोणी शंभर. उत्तर आहे सात. उंदराच्या मानेत? सात. मान दिसतच नाही अशा देवमाशाला? त्यालाही सातच. स्लॉथ आणि मॅनेटी असे मोजके अपवाद सोडले, तर सुमारे साडेसहा हजार जातींच्या या कुळात हाच हिशेब चालतो. त्या दिवशी मधल्या सुटीत सारी मुले एकमेकांच्या मानेवर बोटे फिरवीत हिंडत असत.

पण हा पाठ केवळ गमतीचा नाही. एका शाळेच्या मागे एक जुना वड होता आणि त्यावर फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची वस्ती होती. २०१८ साली केरळात निपाह रोगाची साथ आली आणि वटवाघळांचे नाव वर्तमानपत्रांतून झळकू लागले. आसपासच्या वस्तीत घबराट पसरली. वड तोडावा, निदान फटाके लावून वटवाघळे हाकलावीत, अशी मागणी होऊ लागली. मुले हीच चर्चा घेऊन वर्गात येत. मी त्यांना भीती खोटी आहे असे सांगितले नाही, कारण ती सर्वस्वी खोटी नव्हती. निपाहचा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या शरीरात असू शकतो. म्हणून त्यांनी उष्टावलेले फळ खाऊ नये, त्यांना हात लावू नये, पडलेले पिलूही उचलू नये, हे आधी सांगितले. मग दुसरी बाजू सांगितली. जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांत दर पाच जातींमागे एक जात वटवाघळाची आहे. कित्येक जाती रात्रभर किडे खाऊन पिकांचे रक्षण करतात. फळे खाणाऱ्या जाती रानोमाळ बिया पसरवितात आणि फुलांचे परागण करतात. हाकलल्याने रोग जात नाही, उलट भेदरलेले प्राणी आणखी लोकांच्या घरांजवळ विखुरतात. मादीला बहुधा वर्षाला एकच पिलू होते आणि ते काही आठवडे आईच्या छातीला बिलगून तिच्याबरोबर उडते, हे ऐकून वर्ग अगदी शांत झाला.

त्या मुलांनी घरी जाऊन काय काय सांगितले, ते मला ठाऊक नाही. एवढे मात्र खरे की, फटाके लावण्याचा बेत रहित झाला. रस्त्याच्या बाजूच्या फांद्या तोडल्या गेल्या आणि निम्मी वस्ती उठून गेली. उरलेली निम्मी राहिली. हा काही विजय नव्हे. परंतु वडाखालून जाताना नाक मुरडणारी मुले पुढे वर पाहून “पिले झाली का?” असे विचारू लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांची गणना उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांत केली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती उपद्रवींची यादीच काढून टाकण्यात आली. कायदा बदलावयास पन्नास वर्षे लागली. माणसाचे मन बदलावयाचे तर ते लहानपणीच बदलणे बरे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगते. एका वर्षी पाठ संपल्यावर एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. वर्गात ती फारशी बोलत नसे. सगळी मुले बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारले, “बाई, मी आईचं दूध प्यालेच नाही. मग मी सस्तन नाही का?”

तिची आई बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी वारली होती आणि आजीने तिला वाढविले होते. प्रश्न व्याख्येचा नव्हता, हे उघड होते. तरीही मी ठरविले की, उत्तर आधी व्याख्येचेच द्यावे. कारण मुलांना दयेपेक्षा खरे उत्तर अधिक हवे असते. मी म्हटले, “हे नाव एकट्यादुकट्याचे नसते, साऱ्या जातीचे असते. आई मेलेले हत्तीचे पिलू माणसांनी बाटलीने दूध पाजून वाढविले, तरी ते हत्तीच असते ना? तुझ्या मानेत सात मणके आहेत, अंगावर केस आहेत, कान बाहेर आहेत. आणि आणखी एक खूण आहे. पोटावर हात ठेव पाहू. ही बेंबी कशाची?”

तिला ते ठाऊक नव्हते. मी सांगितले की, बाळ पोटात असताना आईच्या रक्तातील अन्न आणि प्राणवायू नाळेवाटे त्याला मिळतो. जन्मल्यावर नाळ कापतात आणि तेथे बेंबी राहते. “नऊ महिने तुझ्या आईने तुला येथून भरविले. दूध त्याच्या नंतरचे.” ती बराच वेळ पोटावर हात ठेवून उभी होती. मग “येऊ बाई?” एवढेच म्हणून गेली.

दोन दिवसांनी तिची आजी शाळेत आली. मी थोडी धास्तावले. पण ती बाई हसत होती. म्हणाली, “पोरीनं मला विचारून विचारून हैराण केलं. माझी नाळ कुठं पुरली, आणि मला दूध दिलं ती शेळी कुणाची होती? आजवर आईचं नावसुद्धा काढत नव्हती हो.” शेळी शेजारच्यांची होती आणि आजी वाटीचमच्याने पाजीत असे. त्या दिवसापासून ती मुलगी वर्गात शेळीविषयी एक शब्द वावगा बोलू देत नसे.

पुढच्या वर्षांत या पाठाला मी एक पुरवणी जोडली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने मातांच्या दुधाची पेढी सुरू झाली. अशा प्रकारची ती आशियातील पहिली पेढी मानली जाते. ज्या मातांना दूध अधिक येते त्या ते देतात. ते तपासून, तापवून, निर्जंतुक करून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा आईविना असलेल्या बालकांना देतात. आता देशात इतरत्रही अशा पेढ्या निघाल्या आहेत. पूर्वी ज्यांना दूधभाऊ, दूधबहीण म्हणत, त्या नात्याचेच हे नवे रूप आहे. आपल्या कुटुंबात बाळंतपण असेल तर अशा पेढीची चौकशी अवश्य करावी. घेण्यासाठी लागली नाही तरी देण्यासाठी उपयोगी पडेल.

एक आक्षेप मात्र दर दोन-तीन वर्षांनी येत असे. “आमच्या मुलाला तुम्ही प्राणी म्हटले,” असे म्हणत एखादे वडील येत. मी त्यांना बसावयास सांगून विचारी, “चिरंजीव घरी काय म्हणाले?” बहुधा उत्तर असे की, कुत्र्याला दगड मारणाऱ्या धाकट्या भावाला त्याने अडविले आणि “तोही आपल्यातलाच आहे” असे सांगितले. एवढे बोलून झाल्यावर वडिलांचा आवाज आपोआप खाली येई. माणूस प्राण्यांत मोडतो, यात माणसाला कमीपणा नाही. उलट साऱ्या सस्तन प्राण्यांत जो एकटाच हे नाते ओळखू शकतो, त्याच्यावर ते सांभाळण्याची जबाबदारी येते.

घरच्या मंडळींना या पाठात पुष्कळ करता येईल. रात्री भिंतीच्या कडेने धावणारी चिचुंदरी उंदीर नव्हे, ती किडे खाणारी आहे आणि तिची पिले एकमेकांचे शेपूट धरून आईमागे आगगाडीसारखी चालतात, हे मुलांना सांगावे. मग तिच्यावर झाडू उगारला जाणार नाही. गल्लीतील कुत्री व्याली असेल तर पिले किती दिवसांनी डोळे उघडतात, याची नोंद लांबूनच, कॅलेंडरवर करावयास सांगावे. घरात तान्हे मूल असेल तर आई त्याला पाजीत असताना मोठ्या भावंडांना उगाच हुसकून लावू नये. आणि प्रत्येक मुलाला, ते लहान असताना त्याला कोणी, कसे, काय पाजले, ही हकीगत एकदा तरी सविस्तर सांगावी. ती आईच्या दुधाची असो, मावशीच्या असो, वाटीचमच्याची असो, की शेजारच्या शेळीची. त्या हकीगतीचे मुलांना फार अप्रूप असते, आणि पुस्तकातील पाठ समजण्यास तिच्याइतके दुसरे काही उपयोगी पडत नाही.